बायोडाटात ‘शास्त्रज्ञ’ लिहावं का?

पत्राचा गोषवारा (नाव, गाव आणि संस्था गाळून) : सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली ही सत्तावीस वर्षांची वाचक. एम.एस्सी. प्राणिशास्त्र. केंद्र सरकारच्या निधीतून चालणाऱ्या सागरी मासेमारीच्या एका प्रकल्पात ‘प्रोजेक्ट असोसिएट–१’ म्हणून कंत्राटावर काम करते. वडिलांनी लग्नाच्या बायोडाटात ‘नोकरी : शास्त्रज्ञ (केंद्र सरकार)’ असं छापून घेतलं. मुंबईच्या एका स्थळाकडून ‘पे लेव्हल (सरकारी वेतनश्रेणीतली पायरी) कितवी?’ अशी विचारणा झाली आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. वाडीतल्या मंडळाने गणपतीत गुणवंतांच्या सत्काराच्या बॅनरवर ‘युवा शास्त्रज्ञ’ टाकायचं ठरवलंय. ते ऑफिसात कळल्यावर एक वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पीएच.डी. नाही, परमनंट नाही, सायंटिस्ट कसली?’ आई नुसतं ‘लॅबमध्ये कामाला’ सांगते, तर लोकांना वाटतं पोरगी रक्त तपासते. त्यातच एका कायम पदाचा अर्ज भरायचा आहे आणि त्यात अनुभवाच्या रकान्यात काय लिहावं कळत नाही. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘आमच्यासोबत बंदरावर येणारे फिल्ड असिस्टंट काका मासे माझ्याहून चांगले ओळखतात. मग शास्त्रज्ञ ते की मी? आणि मी खोटी ठरतेय का?’

बायोडाटातली ती ओळ तुम्ही पत्रात जशीच्या तशी उतरवलीत हे फार बरं केलंत. तुमचं सगळं लक्ष ‘शास्त्रज्ञ’वर आहे, पण गडबड त्याच्या पुढच्या कंसात आहे. स्थळाकडच्यांनी तुम्ही कसलं संशोधन करता हे विचारलं नाही, पे लेव्हल विचारली. ‘केंद्र सरकार’ हे दोन शब्द वाचून त्यांनी कायम नोकरी, भत्ते, बदली, निवृत्तिवेतन असं सगळं गृहीत धरलं. तुमचं मानधन प्रकल्पाच्या निधीतून येतं, प्रकल्प संपला की नेमणूकही संपते, आणि ‘कायम पदावर कोणताही हक्क राहणार नाही’ अशा अर्थाचं एखादं कलम तुमच्या नियुक्तीपत्रात बहुधा असेलच. तेव्हा ‘शास्त्रज्ञ’ म्हणणं फार तर सैल बोलणं झालं. ‘केंद्र सरकार’ मात्र चुकीची माहिती आहे, आणि समोरचा माणूस तिच्यावर विसंबून निर्णय घेणार आहे.

वडिलांनी हे मुद्दाम केलं असेल असं नाही. कोकणातल्या कुठल्याही घरात ‘सरकारी पैशातून पगार’ आणि ‘सरकारी नोकरी’ यांत फरक करायची सवय नाही. पण ती ओळ बदला, आणि आधी कंस बदला.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे की कुठेतरी एक बरोबर शब्द आहे, तो मिळाला की बायोडाटा, बॅनर, अर्ज आणि आईचं उत्तर सगळं एका फटक्यात सुटेल. तसा शब्द नाही. तुम्ही रोज बंदरावर बांगड्याची लांबी घेता. शेपटीच्या टोकापर्यंत घेतली तर एक आकडा येतो, शेपटीच्या खाचेपर्यंत घेतली तर दुसरा. दोन्ही खरे, पण कुठली लांबी ते तक्त्यात लिहिलं नाही आणि दोन्ही एकाच रकान्यात पडल्या की वर्षभराची आकडेवारी वाया जाते. पदनाम म्हणजे आदेशावर लिहिलेलं पद आणि व्यवसाय म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष करता ते काम. ही मापं अशीच वेगवेगळी आहेत. कागदावर पहिलं लागतं, बोलण्यात दुसरं.

तुमच्या वरिष्ठांचं वाक्य अर्धं बरोबर आहे. तुम्ही त्या संस्थेतल्या ‘सायंटिस्ट’ या पदावर नाही, हे खरं. पण पीएच.डी.शिवाय सायंटिस्ट होता येत नाही, हे त्यांनी कुठून आणलं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळात किंवा डीआरडीओत सुरुवात ‘सायंटिस्ट–बी’पासून होते, लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये, आणि ही पदं एम.एस्सी. किंवा बी.ई.वर भरली जातात. इस्रोत बी.ई. झालेला मुलगा रुजू होतो त्याच दिवशी ‘सायंटिस्ट/इंजिनिअर–एससी’ असतो. गोव्यात दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची. तिथे नुसतं ‘सायंटिस्ट’ हे पद लेव्हल ११ला, म्हणजे ६७,७०० पासून सुरू होतं, आणि तिथे मात्र बहुधा पीएच.डी. लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रात असंच काम करणाऱ्याचं पदनाम ‘सायंटिफिक ऑफिसर’; त्यात सायंटिस्ट हा शब्दच नाही, तरी त्याला कुणी ‘तू शास्त्रज्ञ कसला’ असं विचारत नाही. आपल्या जवळचं बघायचं तर कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर काजू-आंब्याचं संशोधन करणारी मंडळी पदाने कुणी सहाय्यक प्राध्यापक असतात, कुणी कनिष्ठ संशोधन सहाय्यक. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रमुखाचं पदनाम ‘वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख’, बाकीचे ‘विषय विशेषज्ञ’, आणि ते आस्थापनेत तांत्रिक श्रेणीत मोडतात. शेतकरी सगळ्यांनाच ‘कृषी शास्त्रज्ञ’ म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही.

आणि ‘परमनंट नाही’ हा दुसरा टोला. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये प्रकल्पांतल्या माणसांसाठी पदनामांची एक शिडी ठरवून दिली. प्रोजेक्ट असोसिएट–१ आणि २, मग सीनियर, मग प्रिन्सिपल प्रोजेक्ट असोसिएट, आणि वेगळ्या पात्रतेवर प्रोजेक्ट सायंटिस्ट–१, २, ३. यातलं एकही पद कायम नाही, ‘प्रोजेक्ट सायंटिस्ट’सुद्धा नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पांतला ‘प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट’ही कंत्राटीच. म्हणजे नावात सायंटिस्ट असणं आणि नोकरी पक्की असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुम्ही एम.एस्सी.वर पहिल्या पायरीला आहात. दोन वर्षांचा संशोधनाचा अनुभव भरला की असोसिएट–२ची पात्रता येते. प्रकल्पात तशी जागा आहे का हे आपल्या प्रमुख संशोधकांना विचारून ठेवा. पद आपोआप वाढत नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच.

एक चूक मात्र करू नका. बरेच जण प्रोजेक्ट असोसिएट असताना सरळ ‘जेआरएफ’ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून मोकळे होतात, कारण ते कळायला सोपं. जेआरएफ म्हणजे नेट किंवा गेटसारखी परीक्षा पार केलेली आणि ठरावीक अधिछात्रवृत्ती असलेली व्यक्ती. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम महिना ३७,००० आहे, त्यापुढच्या एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००. जाणकार माणूस जेआरएफ ऐकलं की तुमची पात्रता आणि रक्कम दोन्ही धरून चालतो. मुलाखतीत ‘नेट कधी झालात?’ हा प्रश्न आला की पंचाईत.

कायद्याने तुम्हाला ‘शास्त्रज्ञ’ म्हणवून घ्यायला बंदी आहे का? नाही. आर्किटेक्ट कायदा १९७२च्या कलम ३७प्रमाणे नोंदणी नसताना ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद लावता येत नाही. औषधं द्यायला फार्मसी कायदा १९४८खाली नोंदलेला फार्मासिस्ट लागतो. रक्त-लघवीच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका झालेला मुलगा कितीही हुशार असो, तो तंत्रज्ञ, पॅथॉलॉजिस्ट नव्हे. अशा ठिकाणी नाव चुकलं तर कुणाचा तरी जीव किंवा घर धोक्यात येतं, म्हणून पहारा आहे. शास्त्रज्ञांची अशी नोंदवही नाही. तेव्हा ‘खोटी ठरतेय का’ याचं उत्तर : शब्दामुळे नाही.

अर्जाचं मात्र अगदी काटेकोर. तिथे तुमचं मत, आईचं मत, कुणाचंच चालत नाही. नियुक्तीचा आदेश पुढ्यात घ्या आणि पदनाम अक्षरन् अक्षर उतरवा, रोमन आकडा असेल तर रोमन. ‘नोकरीचं स्वरूप’ या रकान्यात कंत्राटी. वेतनाच्या रकान्यात लेव्हल विचारली असेल तर ‘लागू नाही’, आणि एकत्रित मानधन म्हणून रक्कम. लेव्हल १०च्या जवळपास रक्कम येते म्हणून ‘लेव्हल १०’ लिहिणारे महाभाग असतात. छाननीत ते पहिले बाद होतात. मुदतवाढीचे आदेश एकत्र लावून तारखा जुळतात का बघा. कंत्राटात दोन आदेशांच्या मध्ये एक-दोन दिवसांचा खंड पुष्कळदा ठेवलेला असतो. तो खंड असेल तर दोन वेगळ्या ओळी करा; सलग दाखवलंत आणि प्रमाणपत्रात खंड निघाला तर संशय तुमच्यावर येतो. मध्येच पद बदललं असेल, समजा आधी प्रोजेक्ट असिस्टंट होतात, तर त्याचीही वेगळी ओळ.

अनुभव प्रमाणपत्र प्रमुख संशोधकांच्या लेटरहेडवर आणून भागेल असं समजू नका. ते आस्थापनेकडून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, जावक क्रमांकासह घ्या. त्यात पदनाम, पासून-पर्यंतच्या तारखा, पूर्णवेळ की अर्धवेळ, मानधन आणि कामाचं स्वरूप या पाच गोष्टी हव्यात. कामाच्या स्वरूपाची ओळ तुम्हीच लिहून द्या, कारण आस्थापनेतला लिपिक ‘संशोधन कार्यात सहाय्य’ एवढंच टाकेल. तुम्ही लिहा : ‘मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर जातीनिहाय नमुने घेणे, लांबी-वजनाच्या नोंदी, जननग्रंथींच्या पक्वतेच्या अवस्था ठरवणे, माशाच्या कानातल्या खड्यांवरून वय काढणे, आकडेवारीचं विश्लेषण.’ यातलं जे खरोखर करता तेवढंच. पदनामाच्या रकान्यात जे बसत नाही ते इथे येतं, आणि मुलाखत घेणारे हेच वाचतात. अधिछात्रवृत्तीचा किंवा प्रकल्पाचा काळ अनुभव म्हणून धरणार की नाही हे त्या-त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचा.

निवड झालीच तर साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) भरावा लागेल. त्याच्या माथ्यावरच इशारा छापलेला असतो की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. म्हणून आजपासूनच सगळीकडे, लिंक्डइनवर, ई-मेलच्या खाली, पदनाम एकच ठेवा.

बॅनरकडे वळू. इथे मी जरा सावध आहे, आणि कारण लग्नाचं नाही. गणपतीत १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपून होड्या परत समुद्रात गेलेल्या असतात, गावात चाकरमानी आलेले असतात, आणि सत्काराला स्थानिक वार्ताहर हजर असतो. तो तुम्हाला विचारणार : ‘मासळी कमी का झाली?’ आपल्या किनाऱ्यावर पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारी मोठी जाळी) आणि मासे ओढून घेणाऱ्या एलईडीच्या दिव्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठे बोटवाले यांच्यात काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली, आणि तरी वाद विझलेला नाही. तुम्ही सहज बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ या मथळ्याखाली आलं की ते संस्थेचं मत ठरतं. उद्या कुणीतरी ते कात्रण घेऊन मत्स्य खात्यात किंवा तुमच्या संचालकांकडे जाईल, आणि प्रकल्पातल्या कंत्राटी माणसाला माध्यमांशी बोलायची परवानगी होती का, हा प्रश्न निघेल. ‘सायंटिस्ट कसली’ म्हणणाऱ्या वरिष्ठांच्या मनात कदाचित हीच धास्ती असेल. सगळ्यांसमोर बोलायची पद्धत मात्र वाईटच.

मंडळाच्या सेक्रेटरीला तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲपवर मजकूर टाइप करून पाठवा, ते तोच फ्लेक्सवाल्याला पुढे पाठवतील : ‘कु. अमुक, एम.एस्सी. (प्राणिशास्त्र), सागरी मत्स्य संशोधन क्षेत्रात कार्यरत.’ पुरेसं भारदस्त आहे. तरीही त्यांनी ‘युवा शास्त्रज्ञ’ छापलंच तर भर मांडवात वाद घालू नका. शाल-श्रीफळ घ्या, आणि माइक हातात आला की आपलं पद आणि काम एका वाक्यात सांगा. मासळीबद्दल विचारलं तर, ‘आमच्या नोंदी चालू आहेत, निष्कर्ष संस्था प्रसिद्ध करेल.’

आईसाठी ‘लॅब’ हा शब्दच काढून टाका. किनाऱ्यावरच्या माणसाला मासळी कळते, लॅब कळत नाही. ‘बंदरावर येणारी मासळी मोजून-तपासून समुद्रात किती उरली त्याचा अभ्यास करते’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्नही नीट येतात. घरात मालवणी असेल तर ‘माशांचो अभ्यास करता’ म्हटलं तरी झालं.

फिल्ड असिस्टंट काकांचा प्रश्न मला तुमच्या पत्रात सगळ्यात आवडला. ओळखणं ही विद्या आहे, आणि पुस्तकातून ती अर्धीच येते. पण शास्त्रज्ञ कोण हे ठरवत बसण्यापेक्षा तुमच्या हातात असलेली एक गोष्ट आहे. शोधनिबंधात लेखकांच्या नावापुढे बहुधा पदनाम येत नाही, संस्थेचं नाव येतं. तिथे विचारतात ते योगदान. बऱ्याच नियतकालिकांना प्रत्येक लेखकाने काय केलं हे सांगावं लागतं आणि त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादी वापरतात : संकल्पना, प्रत्यक्ष तपासणी, आकडेवारीची जपणूक, पहिला मसुदा वगैरे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा नियम आणखी कडक : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम रूपाला मान्यता आणि जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक. या मापाने काका लेखक ठरतील की नाही हे तुमचा संघ ठरवेल. न ठरले तरी ऋणनिर्देशात त्यांचं नाव, त्यांनी काय केलं त्यासकट, त्यांना विचारून आलंच पाहिजे. ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार’ अशी बिननावाची ओळ टाकायची पद्धत आहे. मसुदा तुमच्या हाताखालून जातो तेव्हा तिथे नाव घाला. आणि स्वतःचं नाव कुठल्या क्रमांकावर आहे तेही विचारा. लाजू नका. कायम पदाच्या मुलाखतीत बॅनर कुणी बघत नाही, शोधनिबंध बघतात.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडक्यात. लोट्याला किंवा मिरजोळ्याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत असाल तर ‘केमिस्ट’ म्हटल्यावर गावात औषधांचं दुकान समजतात. ‘गुणवत्ता तपासणी विभागात केमिस्ट’ असं पूर्ण म्हणा, आणि ‘आर अँड डी’ हे आदेशावर असेल तरच. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर असाल तर ‘प्रा.’ लावायला आपल्याकडे कुणी हरकत घेत नाही, पण अर्जात ‘सहाय्यक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर)’ कंसासकट लिहा. प्रबंध सादर केला म्हणून ‘डॉ.’ लागत नाही. विद्यापीठाची पदवी जाहीर झाल्याची अधिसूचना हातात येईपर्यंत थांबा. मधल्या काळात ‘प्रबंध सादर’ असं तारखेसह लिहिता येतं.

आता बायोडाटा. ती ओळ अशी करा : ‘काम : सागरी मत्स्य संशोधन प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट–१ (कंत्राटी). मासिक मानधन : अमुक.’ खाली हवं तर ‘कायम पदासाठी प्रयत्न चालू’. स्थळं कमी येतील, ही वडिलांची भीती अगदीच निराधार नाही. पण ‘केंद्र सरकार’ बघून आलेलं स्थळ साखरपुड्यानंतर बिनसलं तर गावात जे बोललं जाईल ते त्यांना जास्त जड जाईल, हे त्यांना याच शब्दांत सांगा.

मुंबईच्या स्थळाला उत्तर द्यायचं राहिलंय, ते याच आठवड्यात द्या. फोन वडिलांनीच करावा, कारण ओळ त्यांनी छापली. लांबण लावायची गरज नाही : ‘लेव्हल लागू नाही, नेमणूक प्रकल्पावर आहे, बायोडाटात ते नीट आलं नव्हतं, नवा पाठवतोय.’ फोन लावण्याआधी प्रकल्पाची मुदत कधी संपते ती तारीख आदेशात बघून त्यांना लिहून द्या. पुढचा प्रश्न तोच येणार.